अकरा महिन्यांनंतर काय? युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि शासकीय नोकरीची वाट : एक प्रकरण अभ्यास

महाराष्ट्र शासनाच्या कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभागाने ९ जुलै २०२४ रोजी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा शासन निर्णय काढला. १८ ते ३५ वयोगटातल्या, राज्यात अधिवास असलेल्या तरुण-तरुणींना सहा महिने प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण मिळावे, आणि त्या काळात बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय किंवा पदविका झालेल्यांना ८ हजार, तर पदवीधर व पदव्युत्तरांना १० हजार रुपये विद्यावेतन थेट बँक खात्यात जमा व्हावे, असा तिचा आराखडा होता. वर्षाला १० लाख प्रशिक्षणार्थी हे तिचे जाहीर उद्दिष्ट होते. त्याच महिन्यात आषाढी एकादशीला पंढरपुरात तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी या योजनेचा उल्लेख केला आणि 'लाडका भाऊ योजना' या नावाने ती गावोगाव पोहोचली.

खासगी कारखाने आणि सेवाक्षेत्रातल्या आस्थापनाही या योजनेत होत्या; त्यांचा विचार इथे केलेला नाही. इथे प्रश्न आहे तो जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, तहसील कार्यालये, ग्रामपंचायती, शाळा आणि नगरपालिका यांच्यात रुजू झालेल्या तरुणांचा. शासकीय व निमशासकीय आस्थापनांना मंजूर पदांच्या ५ टक्क्यांपर्यंत प्रशिक्षणार्थी घेण्याची मुभा होती. निवडीसाठी लेखी परीक्षा नव्हती आणि कोणते पद कोणत्या आरक्षित प्रवर्गाचे हे ठरवणारी बिंदुनामावलीही लागू नव्हती. राज्य शासनाच्या महास्वयम या रोजगारविषयक संकेतस्थळावर नोंदणी, कागदपत्रांची तपासणी आणि कार्यालयाची मागणी एवढ्यावर रुजू होण्याचा आदेश निघत असे. हा तपशील पुढच्या सगळ्या विवेचनाच्या मुळाशी आहे, म्हणून तो आधीच नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

पहिल्या तुकड्यांचे सहा महिने भरत आले तशी 'आम्हाला सेवेत सामावून घ्या' ही मागणी पुढे आली. तोवर विधानसभेची निवडणूक होऊन गेली होती. जिल्हाधिकारी कार्यालयांसमोर निवेदने दिली गेली, मुंबईत आझाद मैदानावर आंदोलन झाले, विद्यावेतन वाढवून मिळावे अशीही मागणी झाली. शासनाने २०२५ मध्ये प्रशिक्षणाचा काळ सहावरून अकरा महिन्यांवर नेला. महाराष्ट्रातल्या कोणत्याही कंत्राटी कर्मचाऱ्याला अकरा महिन्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वर्षभराची सलग सेवा होऊ नये म्हणून नेमणुका याच मापाने दिल्या जातात हे त्याला पाठ असते. त्यामुळे मुदतवाढीने मागणी शांत होण्याऐवजी ती अधिक धीट झाली. पाच महिने वाढवून मिळतात तर कायम का करत नाहीत, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला.

प्रशिक्षणार्थी नेमके काय काम करतो

या मागणीकडे केवळ भावनिक म्हणून पाहणे अन्यायाचे होईल, आणि ते का हे समजण्यासाठी कार्यालयात डोकावले पाहिजे. समजा, कला शाखेची एक पदवीधर तरुणी एका पंचायत समितीत रुजू झाली. पहिला आठवडा ती आवक-जावक नोंदवहीवर बसते. आलेल्या प्रत्येक पत्रावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, तारीख घालायची, ते कोणत्या टेबलाचे आहे हे ओळखून नोंदवहीत संबंधितांची सही घ्यायची. दिसायला हे काम यांत्रिक आहे, पण महिनाभरात तिला कोणता विषय आस्थापना शाखेचा, कोणता लेखा शाखेचा आणि कोणते पत्र गटविकास अधिकाऱ्यांसमोर ताबडतोब जायला हवे हे कळू लागते. शेजारच्या टेबलावरच्या सहायकाकडे दोन टेबलांचा कार्यभार असतो, कारण दुसरे पद रिक्त आहे. त्यामुळे घरकुलांच्या याद्या, रोजगार हमीची जॉबकार्डे, लाभार्थ्यांच्या आधार जोडणीतल्या चुका या गोष्टी हळूहळू तिच्याकडे येतात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती टिप्पणी लिहायला शिकते. फाइलच्या एका बाजूला पत्रव्यवहार आणि दुसऱ्या बाजूला टिप्पणी. टिप्पणीत आधी विषय, मग संदर्भ, मग वस्तुस्थिती, मग लागू असलेला नियम, आणि शेवटी प्रस्ताव मांडून 'मान्यतेस्तव सादर'. हा क्रम कोणत्याही महाविद्यालयात शिकवला जात नाही, आणि शासनाचे सगळे निर्णय याच क्रमाने होतात. चांगली टिप्पणी लिहिणारा माणूस तयार व्हायला नव्या लिपिकालाही वेळ लागतो. अकरा महिन्यांनी ही तरुणी कार्यमुक्त होते तेव्हा तिच्या हातात योजनेत प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र असते, आणि ज्या टेबलावर तिने काम केले ते टेबल पुन्हा अतिरिक्त कार्यभारावर जाते. आपण जे काम केले ते कायमस्वरूपी गरजेचे आहे आणि ते आपल्याला येते, हे तिचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. मागणीची ताकद इथून येते.

'कायम करा' हे का शक्य नाही, आणि का योग्यही नाही

मूळ शासन निर्णयात एक वाक्य आहे, ज्याचा आशय असा की प्रशिक्षणानंतर आस्थापनेला उमेदवार योग्य वाटल्यास आणि उमेदवाराची इच्छा असल्यास रोजगार देण्याबाबत ती आस्थापना निर्णय घेऊ शकेल. खासगी कारखान्यासाठी हे वाक्य पुरेसे आहे. तिथला व्यवस्थापक उद्या नेमणूकपत्र देऊ शकतो. तहसीलदाराला किंवा गटविकास अधिकाऱ्याला मात्र हा अधिकारच नाही. पद मंजूर असणे, सेवाप्रवेश नियम, जाहिरात, स्पर्धा परीक्षा, आरक्षणाची बिंदुनामावली या सगळ्यांतून गेल्याशिवाय त्याला शिपायाचीही नियमित नेमणूक करता येत नाही. एकाच वाक्यात दोन वेगळ्या जगांना बसवल्यामुळे शासकीय कार्यालयातल्या प्रशिक्षणार्थ्याला ते वाक्य आश्वासनासारखे वाचता आले. माझ्या मते या प्रकरणातली मूळ चूक ही आहे: शासकीय आस्थापनांसाठी दरवाजा कोणता उघडणार आणि कोणता उघडणार नाही, हे पहिल्या दिवशी स्वतंत्रपणे आणि स्पष्ट शब्दांत लिहिलेले नव्हते.

राज्यघटनेचा अनुच्छेद १६ सार्वजनिक नोकरीत समान संधीची हमी देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या खटल्यात ठरवून दिले की, खुल्या स्पर्धेशिवाय तात्पुरत्या, रोजंदारीच्या किंवा कंत्राटी स्वरूपात घेतलेल्या व्यक्तीला केवळ काही काळ काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मंजूर आणि रिक्त पदांवर न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षे किंवा अधिक काम केलेल्यांसाठी घटनापीठाने एकदाच करायचा अपवाद ठेवला होता. अलीकडे, २० डिसेंबर २०२४ रोजी जग्गो विरुद्ध भारत सरकार या निकालात न्यायालयाने केंद्रीय जल आयोगातल्या सफाई करणाऱ्या महिला आणि माळीकाम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या बाजूने निर्णय देताना उमादेवी निकालाचा वापर प्रदीर्घ सेवा केलेल्यांचे न्याय्य हक्क नाकारण्यासाठी होऊ नये असे बजावले. या निकालाचा आधार घेण्याचा मोह होईल, परंतु तिथल्या कर्मचाऱ्यांची सेवा दशकाच्या मापाने मोजायची होती. अकरा महिन्यांच्या प्रशिक्षणाला तो आधार पुरत नाही, आणि आंदोलकांना कुणी तसे सांगत असेल तर ती दिशाभूल आहे.

कायद्याच्या पलीकडे न्यायाचाही प्रश्न आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये, तालुक्याच्या वाचनालयांत, शेतावरचे काम आटोपून रात्री जागून तयारी करणारी ही मुले आहेत. प्रत्येक परीक्षेचे शुल्क ती कुठूनतरी उभे करतात. प्रशिक्षण योजनेची नोंदणी सुरू झाली तेव्हा त्यातल्या अनेकांनी अभ्यास सोडायचा नाही म्हणून अर्ज केला नसेल. ही नोकरीची निवड आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. परीक्षेशिवाय आणि बिंदुनामावलीशिवाय घेतलेल्या प्रशिक्षणार्थ्यांना त्याच पदांवर कायम करणे म्हणजे या दहा लाखांच्या पाठीमागे भरती करणे होय, आणि त्यात सर्वाधिक नुकसान आरक्षित प्रवर्गांतल्या उमेदवारांचे होईल.

अमेरिकेतला धडा

प्रशिक्षणार्थ्याला थेट सेवेत घेण्याची वाट मुद्दाम बांधली तर काय होते, हे अमेरिकेच्या संघीय सरकारने दोनदा करून पाहिले आहे. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जुलै २००० मध्ये कार्यकारी आदेशाने 'फेडरल करिअर इंटर्न प्रोग्राम' सुरू केला. दोन वर्षांची उमेदवारी पूर्ण केली की वेगळ्या स्पर्धेशिवाय कायम नेमणूक, असे त्याचे स्वरूप होते. पदाची जाहिरात सार्वजनिक संकेतस्थळावर देण्याचे बंधन नव्हते. विभागांना हा मार्ग इतका सोयीचा वाटला की सीमेवरचे अधिकारी आणि कर खात्याचे कर्मचारीसुद्धा याच नावाखाली भरले जाऊ लागले. प्रशिक्षणार्थ्यांसाठी म्हणून ओळखली जाणारी पायवाट नेहमीच्या भरतीचा हमरस्ता बनली. कर्मचारी संघटनेने त्याला आव्हान दिले. सैन्यातून निवृत्त झालेल्या उमेदवारांनी भरतीत कायद्याने मिळणारे प्राधान्य डावलले गेल्याची तक्रार केली. नोव्हेंबर २०१० मध्ये तिथल्या गुणवत्ता संरक्षण मंडळाने निवृत्त सैनिकांच्या बाजूने निर्णय दिला.

त्यानंतर आठच आठवड्यांत, २७ डिसेंबर २०१० रोजी, बराक ओबामा यांनी नवा आदेश काढून जुना कार्यक्रम बंद केला आणि 'पाथवेज' नावाची नवी रचना उभी केली. ती १० जुलै २०१२ पासून अमलात आली. प्रशिक्षणार्थ्याला थेट कायम करण्याची सोय या रचनेतही आहे, पण ती चार भिंतींच्या आत. जागांची सूचना सार्वजनिकपणे द्यावी लागते. उमेदवार शिकत असलेला विद्यार्थी असावा लागतो. त्याने ठरावीक तास काम पूर्ण करावे लागते. सुरुवातीला ही अट ६४० तासांची होती, २०२४ च्या सुधारणेने ती ४८० वर आली. पदवी पूर्ण झाल्यावर ठरावीक मुदतीत विभागाने निर्णय घ्यावा लागतो, आणि ही मुदत आधी १२० दिवसांची होती, ती १८० झाली. निवृत्त सैनिकांचे प्राधान्य विद्यार्थी म्हणून निवड होतानाच लागू होते. म्हणजे स्पर्धा टळलेली नाही, ती आधीच्या टप्प्यावर सरकली आहे. कायम होण्याचा हक्क तरीही कुणाला नाही; फक्त पात्रता मिळते आणि ती कधी संपते हे पहिल्या दिवशी कागदावर असते.

आपल्याकडे हीच रचना उचलून आणावी असे माझे म्हणणे नाही. आपला अनुच्छेद १६ आणि आपली आरक्षणव्यवस्था यांच्या चौकटीत निवडीचा टप्पा आधी सरकवायचा तर प्रशिक्षणाच्या दारातच परीक्षा आणि बिंदुनामावली लावावी लागेल, आणि मग ते प्रशिक्षण राहणार नाही, भरतीच होईल. शिवाय आपल्या योजनेत शिक्षण सुरू असलेल्या उमेदवाराला प्रवेशच नाही. खरे तर पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षणाला आता श्रेयांक आहेत, आणि ते प्रशिक्षण घ्यायला तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्याला तहसील कार्यालयाइतकी जवळची आणि शिकण्यासारखी जागा दुसरी सापडणार नाही. तरीही शिकत असताना शासन आतून पाहण्याची सोय या योजनेने दिली नाही. तरुणांना शासनाबरोबर काम करू देणाऱ्या मुख्यमंत्री फेलोशिपमध्येही किमान एका वर्षाच्या कामाच्या अनुभवाची अट आहे आणि जागा साठच्या आसपास. लोकसेवेची ओढ ज्या वयात लागते त्या वयासाठी आपल्याकडे शासकीय प्रशिक्षणाची दारे जवळजवळ बंद आहेत, ही या प्रकरणातली मला सर्वांत खटकणारी बाब आहे.

मधली जागा

'कायम करा' आणि 'प्रमाणपत्र घ्या व घरी जा' यांच्या मध्ये बरीच मोठी जागा आहे, आणि ती कायद्याने आधीच आखून ठेवली आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ च्या कलम २२ प्रमाणे मालकावर शिकाऊ उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन नव्हते; २०१४ च्या दुरुस्तीनंतर अशा उमेदवारांच्या भरतीचे धोरण मालकाने स्वतः ठरवायचे आहे. उत्तर प्रदेशच्या राज्य परिवहन महामंडळातल्या शिकाऊ उमेदवारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा १९९५ मध्ये न्यायालयाने नोकरीचा हक्क मान्य केला नाही, पण प्रशिक्षणावर झालेला सार्वजनिक खर्च वाया जाऊ नये म्हणून काही गोष्टी घालून दिल्या. बाकी सर्व समान असेल तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. सेवायोजन कार्यालयाकडून नाव येण्याची सक्ती त्याला नसावी. वयाच्या अटीत नियमाप्रमाणे, आणि नियम नसेल तर प्रशिक्षणाच्या काळाइतकी सवलत मिळावी. प्रशिक्षितांची वर्षवार यादी ठेवावी आणि आधी शिकलेल्याला आधी धरावे. युवा कार्य प्रशिक्षण योजना त्या अधिनियमाखाली येत नसल्यामुळे हा निकाल तिला आपोआप लागू होत नाही. तो मार्गदर्शक म्हणून स्वीकारायला मात्र शासनाला कुणाची आडकाठी नाही.

दुसरे उदाहरण तर महाराष्ट्राचे स्वतःचे आहे. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलेल्या पदवीधर आणि पदविकाधारक बेरोजगारांना एके काळी शासकीय कार्यालयांत तुटपुंज्या मानधनावर तीन वर्षे अंशकालीन काम दिले जात असे. त्यांनीही कायम करण्याची मागणी लावून धरली. शेवटी शासनाने त्यांना सरळसेवा भरतीत १० टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच राखीव जागा, दिले आणि वयोमर्यादा ५५ वर्षांपर्यंत शिथिल केली. सरळसेवेच्या जाहिरातींत महिला, माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या रांगेत 'अंशकालीन' हा रकाना दिसतो तो यामुळे. तत्त्व म्हणून हा मार्ग योग्य होता: परीक्षा सर्वांना सारखी, सामाजिक प्रवर्ग जसाच्या तसा, आणि त्याच्या आत अनुभवाला जागा.

व्यवहारात मात्र त्याने फार थोड्यांचे भले केले, आणि कारण समजून घेण्यासारखे आहे. सवलत मिळेपर्यंत आणि भरत्या निघेपर्यंत ही माणसे चाळिशी-पन्नाशीत पोहोचली. अंकगणित, बुद्धिमापन आणि चालू घडामोडींची तीच प्रश्नपत्रिका त्यांना बावीस वर्षांच्या उमेदवाराबरोबर सोडवायची होती. ज्या टिप्पणीलेखनात आणि नियमपुस्तिकेत ते सरस होते त्यावर एकही प्रश्न नव्हता. समांतर आरक्षणाच्या जागेवर पात्र उमेदवार मिळाला नाही की ती जागा त्याच सामाजिक प्रवर्गातल्या इतर उमेदवाराकडे जाते, आणि रकाना कागदावर उरतो. अनुभवाला आरक्षण दिले, पण अनुभव मोजण्याचे साधन परीक्षेत ठेवले नाही, हा त्या धोरणातला दोष आजच्या प्रशिक्षणार्थ्यांच्या बाबतीत पुन्हा होऊ शकतो.

म्हणून शासनाने काय करावे याबद्दल माझे मत असे आहे. प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना गट क च्या लिपिकवर्गीय भरतीत प्रशिक्षणाच्या काळाइतकी वयाची सवलत द्यावी आणि समान गुण पडल्यास प्राधान्य द्यावे. यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी तिजोरीवर बोजा नाही. नवीन समांतर आरक्षणाची घोषणा घाईने करू नये, कारण आधीच्या रकान्यांची गर्दी मोठी आहे आणि प्रत्येक नवा रकाना खटल्यांना आमंत्रण देतो. त्याऐवजी लिपिकवर्गीय परीक्षेत कार्यालयीन कामकाजाचा एक छोटा भाग ठेवावा: पत्राचे वर्गीकरण, एका छोट्या प्रकरणावरची टिप्पणी, माहिती अधिकार आणि लोकसेवा हक्क कायद्यातल्या मुदती. हा भाग सर्वांना खुला राहील, त्याचा अभ्यास कुणालाही करता येईल, आणि ज्याने अकरा महिने मन लावून काम केले त्याला त्याचा फायदा कुणाच्याही कृपेशिवाय मिळेल.

प्रमाणपत्राचा मजकूरही बदलायला हवा. आज त्यातून उमेदवार अमुक काळ अमुक आस्थापनेत होता एवढे कळते. त्याऐवजी कोणत्या शाखेत काम केले, कोणत्या नोंदवह्या आणि कोणत्या संगणक प्रणाली हाताळल्या, किती स्वतंत्रपणे टिप्पणी लिहिता येते, हे कार्यालयप्रमुखाने नाव आणि पदनामासह नोंदवावे. पतसंस्था, सहकारी बँका, बाजार समित्या, शिक्षणसंस्थांची कार्यालये, आपले सरकार सेवा केंद्रे यांना अशा माणसांची गरज असते. त्यांच्यासमोर ठेवायला सध्याच्या प्रमाणपत्रात काहीच नाही.

आणि पुढच्या तुकडीला रुजू करून घेताना एक पान वेगळे द्यावे, ज्यावर उमेदवाराची आणि कार्यालयप्रमुखाची सही असेल. ही नेमणूक नाही. यातून कायम होण्याचा हक्क निर्माण होत नाही. मुदत अमुक तारखेला संपेल आणि वाढणार नाही. या काळाबद्दल भरतीत अमुक सवलत अमुक नियमानुसार मिळेल. ज्या प्रशिक्षणार्थ्यांना आधीच कार्यमुक्त केले आहे त्यांची नावे, शिक्षण आणि कार्यालये महास्वयम प्रणालीत नोंदलेली आहेत. सवलतीचा नियम निघाला तर तो पूर्वलक्षी प्रभावाने त्यांनाही लागू करावा, आणि जिल्हा निवड समितीची प्रत्येक जाहिरात त्या यादीतल्या उमेदवारांना मोबाइलवर कळवण्याची व्यवस्था जिल्हा कौशल्य विकास कार्यालयाकडे द्यावी.